सुखरामने पडदा ओढल्यावर

आमच्या नाट्यमंडळाचे जुने फोटो माझ्याकडे पिशवीभर आहेत. त्यांत राजे आहेत, दिवाण आहेत, मिशी निसटलेले सरदार आहेत, भरजरी लुगड्यातली मीही आहे. सुखराम मसीह मात्र एकाही फोटोत नाही. फोटो निघायचे ते नाटक चालू असताना, आणि नाटक चालू असताना सुखराम विंगेत दोरीपाशी उभा असायचा. तो आमचा पडदा ओढणारा.

नोकरीने तो आमच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. लालबुंद लोखंड अधांतरी न्यायचं आणि अलगद ठेवायचं, हे त्याचं रोजचं काम. त्यामुळे असेल, पण त्याच्या हातचा पडदा कधी धाडकन पडला नाही. शोकांत नाटक असलं की मखमल इतकी हळू सरकायची, की मेलेल्या नटालाही प्रेक्षकांचे हुंदके ऐकायला सवड मिळायची. फार्स असला की हशाच्या ऐन भरात पडदा मिटायचा. मी झाडीपट्टीच्या नाटकांच्या मंडपातून आलेली बाई. पडदे ओढणारे पुष्कळ पाहिले, असा हात पाहिला नाही.

तो मूळचा धमतरीकडचा छत्तीसगढी, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. मराठी शिकला ते आमच्या विंगेत. त्यामुळे त्याची अर्धी भाषा दरबारातली आणि अर्धी प्लांटमधल्या नागपुरी मंडळींची. एका वाक्यात ‘आज्ञा महाराज’ म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात ‘मले चहा पायजे’. शनिवारचा प्रयोग कितीही लांबला तरी रविवारी सकाळी तो चर्चमध्ये हजर असे. आम्ही त्याला चिडवायचो, की तिथे डोळे मिटून प्रार्थना करतोस का झोप काढतोस. तो शांतपणे सांगायचा की दोन्ही होते आणि देवाची काही तक्रार नाही.

आमचे नायक म्हणजे अच्युतराव. प्लांटमध्ये मोठे अधिकारी, रंगमंचावर त्याहून मोठे. आवाज असा, की प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या मैदानात माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या माणसाला उठून जाता येत नसे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम एका किल्लेदाराचं. त्या नाटकाच्या शेवटी गडाच्या दाराशी शत्रूचा एक जखमी शिपाई येऊन पडतो. सगळे म्हणतात, दार उघडू नका. किल्लेदार बराच वेळ गप्प उभा राहतो आणि मग शेवटचं वाक्य बोलतो. त्या गप्प राहण्यावर अच्युतराव फार मेहनत घ्यायचे.

एका वर्षी गणपतीतल्या प्रयोगात ते इतके लांब थांबले, की सुखरामला वाटलं, साहेब वाक्य विसरले. त्यांची लाज राखावी म्हणून त्याने पडदा ओढला. टाळ्या कडकडून पडल्या, पण वाक्य राहिलं ते राहिलं. अच्युतराव तलवारीसकट विंगेत आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी सुखरामच्या थोबाडीत मारली.  सुखरामने रोजच्यासारखं खोबरेल तेल आणि फडकं आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं, म्हणजे त्यांना रंग पुसता येईल. मग नट जेवायला बसले आणि तो सेट सोडवायला गेला. आमच्याकडे पद्धतच होती, नट आधी जेवायचे, पडदावाला सगळं बांधून झाल्यावर. त्या थोबाडीबद्दल पुढे ना साहेबांनी तोंड उघडलं, ना त्याने.

नंतर मंडळ थकलं. पोरं शिकून पुण्या-बंगळूरला गेली, राहिलेली घरात मराठी आणि दारात हिंदी बोलू लागली. मी गावातच जुनवानीला भाच्याकडे राहायला आले. सुखराम निवृत्त होऊन कॅम्प-1 वस्तीतल्या आपल्या घरी गेला. अच्युतरावांनी नेहरू नगरला घर बांधलं. त्यांची पत्नी वारली आणि मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सुनेचा, कीर्तीचा मला फोन आला. मुलगा केदार पुण्याला नोकरीत, महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारतो. घर आणि सासरे दोन्ही तिच्या अंगावर. तिने सांगितलं, की बाबांनी जेवण सोडलं आहे. जबरदस्तीने चार घास गेले तर गेले. वजन उतरत चाललं आहे आणि डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

“नळी ते उपटून फेकतील, मावशी,” ती म्हणाली. “मग हात पलंगाला बांधून ठेवा म्हणतात. बाबांचे हात कसे बांधू मी? तुमी एकदा येऊन पाहा ना, तुमाले ओळखतात ते.”

मी गेले. अच्युतराव हॉलमधल्या मोठ्या खिडकीसमोर खुर्चीत ताठ बसले होते. केस विंचरलेले, शाल खांद्यावर. खिडकीबाहेर हायवेची वर्दळ चालली होती आणि ते तिच्याकडे असे पाहत होते, जसा नट पडद्याच्या फटीतून प्रेक्षक पाहतो. मला म्हणाले, “माणिक, तिसरी घंटा झाली का?”

कीर्तीने वाटीत वरणभात आणला. त्यांनी हाताने वाटी दूर केली. रागाने नव्हे, एखादी चुकीची वस्तू विंगेत आणल्यासारखी. म्हणाले, “प्रयोगानंतर.”

आणि माझ्या लक्षात आलं. अच्युतराव प्रयोगाआधी अन्नाला शिवत नसत. अर्धा कप काळा चहा आणि जिभेखाली एक लवंग, बस. पोट भरलं की आवाज बसतो, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांच्या डोक्यात दिवसभर प्रयोगच उभा होता. पडदा पडत नव्हता, म्हणून ते जेवत नव्हते.

कळलं म्हटल्यावर मला वाटलं, काम झालं. उभा जन्म रंगभूमीवर काढलेली बाई मी, एक प्रयोग संपवता येऊ नये? पहिल्या दिवशी मी सांगितलं, की आजचा प्रयोग रद्द झाला. ते भडकले. आपण उभे असताना कोणाची हिंमत झाली, म्हणून त्यांनी कीर्तीला व्यवस्थापक समजून झापलं. दुसऱ्या दिवशी मी टाळ्या वाजवत आत शिरले आणि प्रयोग काय रंगला म्हणून कौतुक सुरू केलं. त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, “तुझी तिसऱ्या अंकातली एंट्री बाकी आहे. इथे काय करतेस? आत जा.”

मी निमूट स्वयंपाकघरात गेले. सहकलाकाराने सांगून प्रयोग संपत नसतो. तो संपतो पडदावाल्याच्या हाताने.

मी रिक्षा करून कॅम्प-1 गाठलं. सुखराम अंगणात बसून कोणाच्या तरी शिवणयंत्राला तेल घालत होता. केस पांढरे, हात तसेच. मी सगळं सांगितलं. त्याच्या आधी त्याची बायको शकुबाई बोलली. ती सुपात तांदूळ निवडत होती.

“वो थप्पड भूल गए क्या?” तिने त्याच्याकडे न पाहताच विचारलं.

सुखरामने चपला शोधायला सुरुवात केली होती. तो छत्तीसगढीत म्हणाला, “नइ भुलाए हंव. फेर ओ मनखे भूखा हे.” विसरलो नाही, पण तो माणूस उपाशी आहे. त्यापुढे नवरा-बायकोत काही वाद झाला नाही. शकुबाईने सूप खाली ठेवून त्याला धुतलेला सदरा आणून दिला, आणि मला ऐकवलं, की साहेब लोकांना आमची आठवण बरोबर वेळेवर येते.

नेहरू नगरला पोचल्यावर सुखराम दारातूनच खिडकीकडे पाहत राहिला. तिथे कीर्तीने साधा पडदा लावला होता, एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकणारा. तो म्हणाला की ह्याने होणार नाही. बाजारात जाऊन त्याने दोरी आणि दोन लहान चाकं आणली, पडद्याचे दोन भाग केले, आणि दोरी ओढली की दोन्ही बाजूंनी मधोमध मिटतील असं सगळं बसवलं. मी त्याला हळूच शिकवलं, की पडदा ओढून झाला की मोठ्याने म्हण, प्रयोग संपला, साहेब.

“ते मी नाही म्हणणार, माणिकताई,” तो म्हणाला. “खेळ झालाच नाही, तर संपला कसा म्हणू? पडदा ओढतो. पडदा ओढणं काही खोटं नसते.”

मग तो दोरी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. क्षणभर डोळे मिटले. अच्युतराव खुर्चीतून काहीतरी पुटपुटत होते, कुठल्या तरी नाटकातलं. त्यांचा श्वास संपेपर्यंत सुखराम थांबला आणि मग दोरी ओढली. पडदे हळूहळू येऊन मिटले, हायवे दिसेनासा झाला. अच्युतरावांचे खांदे खाली आले. सुखराम खोबरेल तेल आणि फडकं घेऊन त्यांच्यासमोर बसला आणि त्यांचा चेहरा पुसू लागला. रंग नव्हताच, तरी कपाळ, गाल, कानामागे, सगळं नीट पुसलं. अच्युतरावांनी डोळे मिटून घेतले होते.

ते म्हणाले, “वाढा आता.”

वाटीभर वरणभात खाऊन त्यांनी पुन्हा मागितला. कीर्ती वाढता वाढता रडत होती.

तेव्हापासून सुखराम रोज दुपारी सायकलवर यायचा. एकदा पडदा पडला की रात्रीचं जेवणही सुरळीत व्हायचं. सकाळ झाली की नवा प्रयोग. साहेबांना तो कोण हे माहीत नव्हतं. एखाद्या दिवशी ते त्याला विचारायचे, आज लोक किती होते? सुखराम सांगायचा, “मी शेवटपर्यंत होतो, साहेब.” यात खोटं काहीच नव्हतं.

बघणारे बघत होतेच. शेजारच्या आनंदरावांनी एकदा फाटकापाशी कीर्तीला गाठलं. हा माणूस रोज येतो, फुकट तर येत नसेल, बायबल-बियबल ठेवून गेला का, असं विचारलं. आजकाल धर्मांतराच्या अशा बोलण्याची आमच्याकडे भीती वाटते, कीर्तीचाही चेहरा उतरला. सुखराम सायकलला कुलूप लावत होता. तो हसून म्हणाला, “भाऊ, साहेबाले सोताचं नाव आठवत नाही. येशूचं कुठून आठवंल?” आनंदरावांनाही हसू आवरलं नाही. पुढे ते सुखरामची सायकल आपल्या झाडाच्या सावलीत ठेवू देऊ लागले.

कीर्तीने मात्र त्याला एकदा येण्याचं कारण सरळ विचारलं. मी तिथेच भाजी निवडत होते. तिला माझ्याकडून थोबाडीची गोष्ट कळली होती.

“काका, तुमी कावून येता?”

“रोज सकाळी प्रार्थनेत विचारतो, आज कोणाकडं जाऊ,” तो म्हणाला. “रोज ह्यायचंच नाव येते. मी म्हणतो, प्रभू, दुसरं कोणी नाही का तुह्याकडं? तरी ह्यायचंच येते.”

“आणि दोरी धरून डोळे मिटता ते?”

“ते पडदा अडकू नये म्हणून. जुनी सवय हाय.”

“अडकला का कधी?”

“अडकला ना. तवा प्रार्थना कमी नवती पडली. ग्रीस कमी पडलं होतं.”

यापलीकडे आपल्या धर्माबद्दल तो त्या घरात काही बोललेला मला आठवत नाही.

मग उन्हाळा लागला आणि गुड फ्रायडे आला. आदल्या दिवशी सुखरामने सांगून ठेवलं होतं, की उद्या दुपारी चर्चमध्ये मोठी उपासना असते, ती आटोपूनच येईन. त्याचा स्वतःचा उपासही होता, तो घरी जाऊन सोडायचा. कीर्तीने मला सोबतीला बोलावून घेतलं. केदारही त्या आठवड्यात आलेला होता.

दुपार झाली, ऊन तापलं, अच्युतराव खुर्चीत बसून होते. आदल्या रात्री ताप येऊन गेल्याने ते रात्रीही जेवले नव्हते. ओठ सुकले होते, मान एका बाजूला कलत होती, तरी कोणी वाटी आणली की हात वर व्हायचा. कीर्तीने स्वतः पडद्याची दोरी धरली तर ते तिच्यावर गरजले, की पडद्याला हात लावू नका. केदारने शेवटी डॉक्टरांना फोन केला. संध्याकाळी नळी घालायला घेऊन या, असं ठरलं. त्याचंही चुकत नव्हतं. बाप डोळ्यांसमोर वाळत होता.

सुखराम आला तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. उपाशी पोटी, चर्चमधून परस्पर आलेला. पाणीही न घेता तो दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

अच्युतराव त्याच वेळी उठले. कितीतरी दिवसांनी ते आधाराशिवाय उभे राहिले. शाल सावरली आणि किल्लेदाराचं ते शेवटचं भाषण सुरू केलं.  आवाज चिरका झाला होता, पण शब्द एकामागून एक येत होते. गडाचं दार, पाऊस, बाहेर पडलेला तो परका शिपाई. कीर्ती ताट घेऊन दारात खिळून राहिली. आणि मग ते थांबले.

थांबले ते थांबलेच. पाय लटपटू लागले. केदार पुढे व्हायला लागला. सुखरामने पाहिलं की साहेब आता पडतील, आणि त्याने पडदा ओढला.

अच्युतराव वळले. दोन पावलांत सुखरामपाशी आले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. हातात जोर कुठला, पण आवाज झाला.

 केदारने वडिलांना मागून धरलं. कीर्तीने ताट टेबलावर ठेवलं आणि सुखरामसमोर येऊन हात जोडले.

“काका, तुमी घरी जा,” ती म्हणाली. “उद्यापासून नका येऊ. आमी नळी लावून घेतो. तुमाले एवढं सोसायला लावायचं, हे आमाले नाही चालत.”

सुखरामने गालावरून हात फिरवला. “थांब बेटी,” तो म्हणाला. “माही चूक हाय. तवाही घाई केली आन् आजही केली. वाक्य बाकी हाय त्यायचं.”

आणि त्याने दोरी उलटी ओढली. इतक्या वर्षांत पडलेला पडदा पुन्हा उघडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे तसं करत नसत. खिडकी उघडली, ऊन आत आलं, हायवेवरचे ट्रक दिसू लागले. सुखराम भिंतीला चिकटून उभा राहिला आणि म्हणाला, “बोला, साहेब.”

अच्युतराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी ओठातल्या ओठात वाक्य म्हणू लागले, अडले तर सांगावं म्हणून. सुखरामने माझ्याकडे पाहून नाही अशी मान हलवली. तो थांबायला तयार होता. या वेळी किती का वेळ लागेना.

“दार उघडा,” अच्युतराव म्हणाले. “तो कोण, कुठला, ते मागाहून विचारू. आधी त्याला जेवू घाला.”

सुखराम आणखी थोडा थांबला. मग त्याने दोरी ओढली, आणि पडदा मिटला तो त्या मोठ्या नाटकांत मिटायचा तसा, शेवटचा वीतभर अगदी सावकाश.

तेल-फडकं झालं. केदारने वडिलांना टेबलापाशी बसवलं. कीर्तीने लाल भाजी, वरण, भात असं ताट त्यांच्यासमोर सरकवलं. अच्युतरावांनी ताटाकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या सुखरामकडे. घामेजलेला सदरा, सुकलेलं तोंड, लाल झालेला गाल. त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं. वरण सांडलं. ते त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं.

“आधी हा जेवेल,” ते कीर्तीला म्हणाले. “केव्हाचा उभा आहे.”

सुखराम पहिल्यांदा गडबडला. म्हणाला की घरी शकुबाई वाट पाहत असेल, उपास तिथेच सोडायचा आहे. अच्युतराव ऐकायला तयार नव्हते. तो बसत नाही तोवर तेही जेवणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी सुखराम खुर्चीत बसला, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हणाला आणि त्याने भात कालवला. त्याने पहिला घास तोंडात घातल्यावर अच्युतरावांनी आपलं ताट मागितलं.

केदार बाहेरच्या खोलीत गेला आणि डॉक्टरांना फोन करून, येत नाही म्हणून सांगितलं.

आता त्या घरी दुपारी दोन ताटं मांडतात. सुखराम शकुबाईला सांगून निघतो, की माझं जेवण तिकडेच आहे. ती म्हणते, की साहेबांच्या घरची भाजी अळणी असते, लोणचं घेऊन जा. तो लोणच्याची बरणी सायकलला अडकवून येतो, आनंदरावांच्या झाडाखाली सायकल लावतो, आणि अच्युतराव बोलायचे थांबले तरी लगेच दोरी ओढत नाही.